कशाच्या तुलनेत? पाळणाघराचं धोरण अभ्यासताना विचारायचा पहिला प्रश्न

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा घडवायचा ते बघितलं. आज एकच विषय घेऊन तो प्रश्न किती ठिकाणी निसटू शकतो ते बघू. विषय आहे लहान मुलांच्या संगोपनाच्या सोयी, म्हणजे पाळणाघरं, बालवाड्या, अंगणवाड्या, आणि त्याबद्दल देश पातळीवर केली जाणारी धोरणं. तुमचा विषय शेती असो, आरोग्य असो किंवा बँकिंग, हा लेख तुमच्याही कामाचा आहे, कारण चुका सगळीकडे सारख्याच होतात.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत नववा प्रश्न असा होता : ‘घरातलं ३ ते ६ वयाचं मूल अंगणवाडीत जातं का? हो / नाही.’ मराठवाड्यातल्या एका गावात मी हा प्रश्न एका घरी विचारला. आई म्हणाली, ‘हो, जातो की रोज.’ मी ‘हो’वर खूण केली आणि पुढच्या घरी गेले. त्याच दिवशी दुपारी अंगणवाडीसमोरच्या झाडाखाली बसले होते, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली. अकरा वर्षांची असेल. तिने आतून लहान भावाला घेतलं, चप्पल घातली आणि निघाली. हे त्याच घरातलं मूल होतं. मी विचारलं, ‘अगं, तुझी शाळा सुटली का?’ ती म्हणाली, ‘नाही. खिचडी खाऊन येते मी. आई वेचणीवरून सहाला येते, तोवर याला बघायचं असतं.’

शाळेच्या हजेरीपटावर ती मुलगी हजर. अंगणवाडीच्या रजिस्टरवर तिचा भाऊ हजर. माझ्या प्रश्नावलीत ‘हो’. तिन्ही नोंदी खऱ्या होत्या. आणि रोज दुपारी एक मुलगी शाळा अर्धी सोडून आईची पाळी भरून काढत होती, हे तिन्हींपैकी एकाही कागदावर नव्हतं.

त्या रात्री मी प्रश्नावली उघडली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात हेच भोक होतं. त्याबद्दलच बोलूया.

उपलब्धता म्हणजे नुसती इमारत नाही

संगोपनाच्या धोरणावर लिहिताना दोन शब्द सतत येतात : उपलब्धता आणि दर्जा. दोन्ही शब्द आपण फार सैल वापरतो.

उपलब्धतेला निदान पाच बाजू आहेत. सोय जवळ आहे का? परवडते का? मुलाच्या वयाला चालते का? आईबापांच्या कामाच्या वेळेशी जुळते का? आणि कुटुंब कामासाठी जिथे जातं तिथे ती आहे का? वरच्या घराचं उदाहरण घ्या. अंगणवाडी जवळ आहे, फुकट आहे, वयही बसतं. चौथ्या बाजूला गाडी अडते. बहुतेक अंगणवाड्या दुपारपर्यंत बंद होतात, शेतातलं काम संध्याकाळी संपतं. पाचवी बाजू बघायची असेल तर ऊसतोड कामगारांकडे बघा. दिवाळीच्या आसपास कोयता गाडीत टाकून कुटुंब निघतं, ते पाच-सहा महिन्यांनी परत येतं. मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीत असतं, मूल फडात असतं.

आता दर्जा. इथेही दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. एक आहे रचनात्मक दर्जा : एका ताईकडे किती मुलं, तिचं प्रशिक्षण किती, खोली केवढी, शौचालय आहे का, खेळणी आहेत का. हे मोजायला सोपं, तपासणीच्या फॉर्मवर लिहायला सोपं. दुसरा आहे प्रक्रियेचा दर्जा : ताई मुलाशी कशी बोलते, मूल रडलं तर कोण जवळ घेतं, मुलांना प्रश्न विचारायला जागा आहे का, दिवसातली किती मिनिटं खरंच खेळात आणि गोष्टीत जातात. हे मोजायला कोणीतरी तासन्‌तास बसून बघावं लागतं. त्यासाठी ईसीईआरएससारख्या निरीक्षणाच्या मोजपट्ट्या आहेत. त्यात प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण दिले जातात.

मुलाच्या वाढीवर जास्त परिणाम करतो तो हा दुसरा दर्जा. सरकारी कागदावर मात्र पहिलाच सापडतो, कारण तो मोजता येतो. संशोधनाला लागणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. जे मोजायला सोपं असतं ते महत्त्वाचं असेलच असं नाही.

क्वेबेकची गोष्ट

या विषयातलं सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं आहे. १९९७ मध्ये तिथल्या सरकारने नवं कुटुंब धोरण आणलं. मुलाला पाळणाघरात ठेवायचं तर पालकांनी दिवसाला फक्त ५ डॉलर द्यायचे, उरलेला खर्च सरकार करणार. पालकांचं उत्पन्न किती, आई नोकरी करते का, अशी काही अट नाही. सुरुवात ४ वर्षांच्या मुलांपासून झाली, मग दरवर्षी एकेक वय खाली येत २००० पर्यंत पाच वर्षांखालची सगळी मुलं योजनेत आली. २००४ मध्ये फी ७ डॉलर झाली.

संशोधकांसाठी ही सोन्यासारखी संधी होती. का? कारण बाकीच्या कॅनडात असं काही झालं नव्हतं. एकच देश, एकच राष्ट्रीय सर्वेक्षण, पण एका प्रांतात धोरण बदललं आणि इतर प्रांतांत नाही. मायकेल बेकर, जोनाथन ग्रुबर आणि केविन मिलिगन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यांनी वापरलेली पद्धत तुम्हाला पुढे वारंवार भेटणार आहे. तिचं नाव डिफरन्स-इन-डिफरन्सेस. मराठीत आपण ‘फरकातला फरक’ म्हणू. नाव भारदस्त आहे, हिशोब चौथीतला आहे.

समजा (हे आकडे नुसते समजावण्यासाठी आहेत), धोरणाच्या आधी क्वेबेकमध्ये १०० पैकी ५५ आया नोकरी करत होत्या आणि नंतर ६९. फरक १४. मग धोरणामुळे १४ आया कामाला लागल्या असं म्हणायचं का? नाही. कारण त्याच काळात बाकीच्या कॅनडातही नोकऱ्या वाढत होत्या. तिथे समजा आकडा ६० वरून ६६ वर गेला. फरक ६. म्हणजे धोरण आलं नसतं तरी क्वेबेकमध्येही साधारण ६ ची वाढ झालीच असती. १४ वजा ६, उरले ८. हा फरकातला फरक.

यात एक गृहीतक दडलेलं आहे ते लक्षात आलं का? धोरण आलं नसतं तर क्वेबेक आणि बाकीचा कॅनडा एकाच चालीने चालले असते, हे ते गृहीतक. त्याला समांतर कल म्हणतात. हे कधीच पूर्ण सिद्ध करता येत नाही, कारण जे घडलंच नाही ते कुणी बघितलेलं नसतं. पण धोरणाच्या आधीच्या काही वर्षांत दोन्हीकडचे आलेख समांतर होते का, हे तपासता येतं. मुलाखतीत किंवा प्रबंधाच्या सादरीकरणात कुणीही हा पहिला प्रश्न विचारेल. तयारी ठेवा.

निकाल : आईला फायदा, मुलांना तोटा?

बेकर आणि सहकाऱ्यांना काय दिसलं? पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण बाकीच्या कॅनडाच्या तुलनेत सुमारे १४ टक्केबिंदूंनी वाढलं. जोडीदारासोबत राहणाऱ्या आयांचं नोकरीतलं प्रमाण ७.७ टक्केबिंदूंनी वाढलं. इथपर्यंत सगळं छान.

(एक थांबा. टक्के आणि टक्केबिंदू यात गोंधळ करू नका. ५० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेलं तर वाढ ५ टक्केबिंदूंची आहे, पण ती १० टक्के वाढ आहे. वर्तमानपत्रात ही चूक चालून जाते, प्रबंधात चालत नाही.)

मग आला धक्का. मुलांमध्ये आक्रमकपणा आणि अस्वस्थता वाढलेली दिसली, सामाजिक आणि हालचालींच्या कौशल्यांत घट दिसली. आईवडिलांचं मुलांशी वागणं जास्त चिडचिडं झालेलं दिसलं, त्यांच्या आपसातल्या नात्याची गुणवत्ताही घसरलेली दिसली. याच लेखकांनी २०१९ मध्ये, मुलं मोठी झाल्यावर, पुन्हा अभ्यास केला. तेव्हाही काही वाईट परिणाम टिकलेले दिसले.

यावरून ‘बघा, पाळणाघर मुलांना बिघडवतं’ असं म्हणणाऱ्यांना आयतं हत्यार मिळालं. पहिल्यांदा हा लेख वाचला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. मी स्वतः पाळणाघरात वाढले. आई रोज संध्याकाळी साडेसहाला यायची. तिने तेव्हा ऐकून घेतलेले टोमणे आता ‘संशोधनाने सिद्ध झालं’ असं म्हणत परत येणार, असं वाटलं.

हा निष्कर्ष आवडला नाही म्हणून तो नाकारायचा नसतो. आणि तो प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला म्हणून जसाच्या तसा गिळायचाही नसतो. मी तो घेऊन माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘कशाच्या तुलनेत?’

पाळणाघर कशाची जागा घेतं?

पाळणाघर चांगलं की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. पाळणाघरात गेलं नसतं तर ते मूल कुठे असतं, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. संशोधनात याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. म्हणजे ‘हे झालं नसतं तर काय झालं असतं’.

क्वेबेकच्या अभ्यासात जो परिणाम दिसतो तो सरासरी परिणाम आहे. त्यात ज्या घरी मुलाला दिवसभर वेळ देणारं, गोष्टी वाचून दाखवणारं माणूस होतं, ती मुलंही आहेत. अशा मुलासाठी गर्दीचं, मध्यम दर्जाचं पाळणाघर ही खालची पायरी असू शकते. पण ज्या घरात एकटी आई दोन नोकऱ्या करते, तिथल्या मुलासाठी तेच पाळणाघर वरची पायरी ठरू शकतं. मायकेल कोटेलेनबर्ग आणि स्टीव्हन लेरर यांनी नंतर हीच आकडेवारी वेगवेगळ्या गटांत विभागून पाहिली, तेव्हा वंचित, एकल पालकांच्या घरातल्या मुलांना फायदा झालेला दिसला. सरासरी आकड्याच्या पोटात दोन उलट दिशांचे परिणाम लपले होते.

दुसरा मुद्दा दर्जाचा. फी एकदम उतरली, मागणी उसळली आणि जागा मात्र हळूहळू वाढल्या. प्रतीक्षायाद्या लांबल्या. त्या काळात क्वेबेकमधल्या पाळणाघरांचं प्रत्यक्ष निरीक्षण करणाऱ्या संशोधकांना बहुतेक ठिकाणी दर्जा किमान पातळीवरचा आढळला. ना-नफा तत्त्वावर चालणारी केंद्रं नफ्यासाठी चालणाऱ्या केंद्रांपेक्षा सरस होती. म्हणजे अभ्यासातून मोजला गेला तो ‘पाळणाघराचा’ परिणाम म्हणण्यापेक्षा ‘घाईघाईत वाढवलेल्या, सरासरी दर्जाच्या पाळणाघरांचा’ परिणाम आहे.

आता शेजारी नॉर्वे ठेवून बघा. तिथे १९७५ च्या कायद्यानंतर ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी बालवाड्या झपाट्याने वाढल्या. चार वर्षांत प्रमाण १० टक्क्यांच्या खालून २८ टक्क्यांच्या वर गेलं. तारियेई हावनेस आणि माग्ने मोगस्ताद यांनी ज्या नगरपालिकांत वाढ जास्त झाली आणि जिथे कमी झाली त्यांची तुलना केली, आणि ती मुलं तिशीत आल्यावर त्यांचं काय झालं ते बघितलं. त्यांचं शिक्षण जास्त झालेलं होतं, सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याचं प्रमाण कमी होतं. गंमत म्हणजे आयांच्या नोकरीवर मात्र जवळजवळ काहीच परिणाम नव्हता!

का? कारण तिथे बालवाडीने प्रामुख्याने आईची जागा घेतली नाही. नोकरी करणाऱ्या आया मुलांना आधीपासूनच नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, अनौपचारिक सांभाळणाऱ्यांकडे ठेवत होत्या. सरकारी बालवाडीने त्या व्यवस्थेची जागा घेतली. आईचं काम होतं तसंच राहिलं, मुलाची सोय सुधारली.

क्वेबेक आणि नॉर्वे, दोन्हीकडे पद्धत एकच, निष्कर्ष जवळजवळ उलटे. दोन्ही अभ्यास बरोबर असू शकतात. मुलांचं वय वेगळं, दर्जा वेगळा, आणि पाळणाघराने ज्याची जागा घेतली ती गोष्ट वेगळी. वाङ्मयाचा आढावा लिहिताना ‘काही संशोधक म्हणतात फायदा होतो, काही म्हणतात तोटा होतो’ असं लिहून मोकळं होऊ नका. फरक का पडला हे सांगा. आढाव्याचं काम तेच असतं.

कॅनडाने पुढे काय केलं हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने सरासरी १० डॉलर रोज अशा फीचं देशव्यापी धोरण जाहीर केलं आणि पाच वर्षांसाठी ३० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद केली. क्वेबेकचा अनुभव समोर होता. त्यामुळे फी उतरवण्याच्या जोडीने जागा, कर्मचारी आणि दर्जा हे शब्द त्या चर्चेत पहिल्या दिवसापासून होते. फी एका आदेशाने उतरते. प्रशिक्षित ताई तयार व्हायला वर्षं लागतात. धोरणातला ताण तिथेच असतो.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे राष्ट्रीय धोरण नाही असं नाही. उलट तुकडे पुष्कळ आहेत.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आकाराने ही जगातली सगळ्यात मोठी अशी योजना आहे. पण ती पाळणाघर म्हणून आखलेलीच नव्हती. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण ही तिची कामं. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळणारं कुणी मिळत नाही.

कामगार कायद्यांचा दुसरा तुकडा. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. या दुरुस्तीत कर्मचारी मोजताना स्त्री-पुरुष दोघे धरले, हे महत्त्वाचं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायची तरतूद होती.

तिसरा तुकडा पाळणाघर योजनांचा. केंद्राची राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ पासून ‘मिशन शक्ती’खाली ‘पालना’ या नावाने आली. तिच्यात १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरं उभारायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. दिवसभर चालणारी, ६ महिन्यांपासून ६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. १४ लाखांच्या शेजारी १७ हजार हा आकडा ठेवून बघा, म्हणजे अंतर कळेल.

आता हे तुकडे जोडा आणि भोकं कुठे राहतात ते बघा. घरकाम करणारी बाई, शेतमजूर, भाजी विकणारी, बिगारी : यांचा मालक एक नसतो, कर्मचाऱ्यांची संख्या ५० नसते. कायद्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही आणि अंगणवाडी दुपारी बंद होते. या सगळ्यातून उरलेले तास कोण भरतं? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. आजी भरते, शेजारीण भरते. आणि अकरा वर्षांची बहीण भरते.

म्हणून आपल्याकडे क्वेबेकचा निष्कर्ष उचलून लावता येत नाही. आपल्याकडे पाळणाघर ज्याची जागा घेणार आहे ती पुस्तकं वाचून दाखवणारी निवांत आई क्वचितच असते. बऱ्याचदा ती शाळा बुडवणारी बहीण असते, किंवा बांधकामावरची वाळू.

तामिळनाडूतला प्रयोग

दर्जाबद्दल आपल्याच देशातला एक चांगला पुरावा आहे. अलेहांद्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी तामिळनाडूत ६४० अंगणवाड्या निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यातल्या निम्म्यांना एक जास्तीची, अर्धवेळ कार्यकर्ती दिली. तिने फक्त शाळापूर्व शिक्षण बघायचं.

चिठ्ठ्या कशाला? कारण सरकारने स्वतः जास्तीची माणसं दिली तर ती आधीच चांगल्या चालणाऱ्या किंवा आधीच मागे पडलेल्या केंद्रांना मिळतील. मग फरक माणसामुळे पडला की केंद्रच वेगळं होतं, हे कळणार नाही. चिठ्ठीने दोन्ही गट सरासरीने सारखे होतात. इथे समांतर कलाचं गृहीतक धरावं लागत नाही.

निकाल असा : शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला. १८ महिन्यांनी, केंद्रात टिकून राहिलेल्या मुलांचे गुण गणितात ०.२९ आणि भाषेत ०.४६ प्रमाण विचलनांनी वाढले. प्रमाण विचलन डोक्यात बसत नसेल तर असं समजा : १०० मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी आहेत. बरोबर मधलं मूल गणितात साधारण ६१ व्या आणि भाषेत साधारण ६८ व्या जागी सरकलं. खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषणही कमी झालं, कारण शिकवण्यातून मोकळी झालेली मूळची सेविका पोषण आणि आरोग्याला जास्त वेळ देऊ शकली.

इथेही एक वाक्य सोडू नका : ‘केंद्रात टिकून राहिलेल्या मुलांचे’. या वयात मुलं खासगी नर्सरीत जातात. सोडून गेलेल्यांना धरलं तर परिणाम लहान होतो. मोठा आकडा दिसला की तो कुणाबद्दल आहे, हे आधी वाचा.

या प्रयोगाचा अर्थ साधा आहे. सेविका काम करत नाही म्हणून दर्जा कमी, असं नाही. एकाच बाईवर आहार, वजन, गृहभेटी, रजिस्टर, मोबाइलवरच्या नोंदी आणि वर मुलांना शिकवणं एवढं सगळं टाकलं की शिकवणं आपोआप मागे पडतं. आणि या कामाला पगार नाही, मानधन आहे. २०१८ मध्ये केंद्राने सेविकांच्या मानधनातला आपला आधार आकडा महिन्याला ३,००० वरून ४,५०० रुपये केला. राज्यं त्यात स्वतःची भर घालतात. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. दर्जा हवा म्हणताना तो दर्जा देणाऱ्या बाईच्या दिवसाचे तास आणि महिन्याचे पैसे आपण मोजले का, हेही स्वतःला विचारा.

कोसबाडच्या टेकडीवर

हे सगळं वाचून झाल्यावर मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाकडे परत गेले. शाळेच्या धड्यात आपण त्यांची नावं पाठ केली आणि विसरलो. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीमागची कल्पना. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आणि विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कारण उघड होतं. धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. धाकट्याची सोय शेजारीच केली तर थोरली वर्गात बसेल.

मी झाडाखाली बसून जे शोधलं असं मला वाटत होतं, ते या बायकांना माझ्या जन्माच्या कितीतरी आधी माहीत होतं. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं. मूल का येत नाही हे बघायला त्या पाड्यावर जात होत्या. अंगणवाडी हे नाव आपण देशभर नेलं. पाळणाघर आणि शाळा यांची जोड मात्र वाटेत सुटली.

प्रश्नावली लिहायच्या आधी

तुमचा विषय कोणताही असो, हे पाच प्रश्न कागदावर उतरवून घ्या.

१. ही सोय नसती तर काय असतं? उत्तर सगळ्यांसाठी एकच आहे, की गटागटाने वेगळं?

२. मी नाव नोंदणी मोजतेय, हजेरी मोजतेय, की प्रत्यक्ष मिळालेले तास?

३. मी मोजलेला दर्जा रचनेचा आहे की प्रक्रियेचा? प्रक्रियेचा नसेल, तर निष्कर्षात ‘दर्जा’ हा शब्द वापरायचा मला हक्क आहे का?

४. सरासरीच्या आत उलट दिशांचे गट लपलेत का? विश्लेषणाआधीच मी ते गट ठरवलेत का?

५. या धोरणाचा परिणाम ज्याच्यावर होतो, पण जो माझ्या नमुन्यात नाही, असा कोण आहे?

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण जो नमुन्यात नसतो तो आकडेवारीत कधीच हाक मारत नाही. त्यासाठी उठून जावं लागतं आणि दुपारी दीड वाजता झाडाखाली बसावं लागतं.

एक छोटा अभ्यासही देते. ५० कर्मचाऱ्यांची अट घ्या. ४९ कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं नाही, ५० च्या आहे. खर्च मालकाचा. या सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना करून पाळणाघराचा परिणाम मोजता येईल का? मालकाने मुद्दाम संख्या ४९ वर थांबवली तर तुमच्या तुलनेचं काय होईल? एका पानात उत्तर लिहा. लिहिता लिहिता तुम्हाला एका प्रबंधाचा विषय सापडू शकतो.

माझं म्हणाल तर, मी प्रश्नावली बदलली. नववा प्रश्न आता असा आहे : ‘काल सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत प्रत्येक तासाला मूल कोणाजवळ होतं?’ चौदा तासांचे चौदा चौकोन. भरायला वेळ लागतो, बायका हसतात, कधी कंटाळतात. आधी गोळा केलेली दीड महिन्याची माहिती मला बाजूला ठेवावी लागली आणि त्याचं वाईट वाटलं.

त्या घरी मी पुन्हा गेले. चौकोन भरत गेलो. दुपारी एक ते सहा, ओळीने पाच वेळा आईने एकच शब्द सांगितला : ‘ताई.’ पाचव्यांदा सांगताना ती थांबली आणि दारात भावाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या पोरीकडे तिने बघितलं. मग मला म्हणाली, ‘असं मांडून कधी बघितलंच नव्हतं.’

मीही नव्हतं बघितलं.